पेशीचा सांगाडा, दुसरा मजला, जठारपेठ

मी नोकरीत नेमकं काय करायचे, हे आमच्या मिस्टरांना आजतागायत कळलेलं नाही. कोणी विचारलं की ते ऐटीत सांगतात, "आमची शोभा प्रोटीन बनवायची." मग समोरचा माणूस आधी माझ्या दंडांकडे बघतो, नंतर मिस्टरांच्या पोटाकडे बघतो आणि गुपचूप दुसरा विषय काढतो. आता मी निवृत्त झाले आहे आणि दिवाळी अंकवाल्यांनी "अनुभव लिहा" म्हणून पिच्छा पुरवला आहे, तर एकदाचं सगळं सांगून टाकते. नंतर पुन्हा विचारू नका.

अकोल्यात जठारपेठेत हार्डवेअरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. मालक गावंडे सर. परदेशात शिकून आलेले, भल्ले हुशार, पण बनियन उलटं घालून यायचे तेही त्यांना कळायचं नाही. कामाला मी एकटी. म्हणजे तंत्रज्ञ मी, बाटल्या धुणारी मी, वीज गेली की जनरेटरवाल्याला शिव्या देणारीही मीच.

धंदा काय होता ते सांगते. कंटाळा आला तर हा भाग गाळा, पण मग पुढे डब्यात काय होतं म्हणून मला विचारायचं नाही.

बोंडातून कापूस वेचला आणि त्यातली एक बारीक तार ओढून काढली, तर ती अख्खी तार म्हणजे झाडाची एकच पेशी असते. डोळ्यांना न दिसणारी पेशी एवढी लांब होते, तर आत काही आधार पाहिजे की नाही? तर आत अतिबारीक धागे असतात. तेच पेशीला आकार देतात, तेच आतला माल इकडून तिकडे पोचवतात. या धाग्यांच्या जाळ्याला शास्त्रज्ञ लोक पेशीचा सांगाडा म्हणतात. त्यात हाडं नाहीत, कवटी नाही, काही नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण अर्ध्या अकोल्यानं ठेवलं नाही.

आता हे धागे सुटे सुटे पडले तर उपयोग नाही, त्यांच्या जुड्या बांधाव्या लागतात. ते काम फिम्ब्रिन नावाचं प्रथिन करतं. शेतात कडब्याच्या पेंढ्या बांधणारा गडी असतो ना, तसा तो. संशोधकांना त्याच्यावर प्रयोग करायचे असतात आणि त्यासाठी ते शुद्ध आणि भरपूर लागतं. झाडातून काढायला गेलं तर पोतंभर पानं वाटून थेंबभर मिळतं. म्हणून आम्ही कापसाचं जनुक घेऊन एका जिवाणूच्या पोटात घालायचो. तो बिचारा ते आपल्याच घरचं काम समजून रात्रभर फिम्ब्रिन बनवत बसायचा, आणि सकाळी आम्ही त्याला फोडून सगळं काढून घ्यायचो. कृतघ्नपणा म्हणाल तर आहेच. त्या जिवाणूच्या रश्श्याला जो वास येतो, त्यामुळे मी बसमध्ये कधी उभी राहून प्रवास केला नाही. शेजारची सीट आपोआप रिकामी व्हायची.

एवढं करून हाती काय येतं? नखाएवढ्या नळीत तळाशी पाण्यासारखं काहीतरी. आणि नखरे किती! गरम झालं, बिघडलं. जोरात हलवलं, फेस आला, बिघडलं. एकदा वितळून पुन्हा गोठवलं, तर बिघडलंच. मी त्याला जावई म्हणायचे. जावयाची एक वेळ अधिक महिन्यात समजूत काढता येते, याची बाराही महिने. उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये राहायचा आणि बाहेर पडायचा तो कोरड्या बर्फातूनच.

आता पाटीची गोष्ट. सरांनी पहिली पाटी लावली होती, 'वनस्पती प्रोटीन'. झालं! दुसऱ्या दिवसापासून जिमची पोरं जिन्यात. एकजण तर शर्ट काढूनच आत आला.

"मॅडम, चाकलेट फ्लेवर हाय का?"

"हे खायचं नसतं रे."

"मंग लावाचं असते का?"

असं रोज. शेवटी सर चिडले. म्हणाले, "शोभाताई, इंग्रजी शब्दांनीच घोटाळा होतो. शुद्ध मराठी पाटी लावू. कोणाच्या मनात शंकाच राहायला नको." आणि नवी पाटी आली, हिरव्या अक्षरात: 'पेशी-सांगाडा प्रथिने'.

मी सांगत होते. म्हटलं, "सर, आपल्याकडं पेशी म्हणजे तारीख." सर म्हणाले, "छे हो, पेशी सगळ्यांनी सातवीत शिकलेली असते." आता पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगते, आमच्या वऱ्हाडात कोर्टकचेरीत ज्या दिवशी हजर व्हायचं असतं तिला पेशी म्हणतात. 'आज माही पेशी हाय' असं कोणी म्हटलं तर त्याला सूक्ष्मदर्शक नको असतो, वकील हवा असतो. सातवीतली पेशी परीक्षेपुरती. कचेरीतली जन्मभराची.

पाटी लागून आठवडा झाला नाही तोच पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, काखेत कागदांचं बोचकं असे एक गृहस्थ जिना चढून आले. मला म्हणाले, "नमस्कार बाई. सांगाडा कोन बनवते?"

"मी बनवते."

"बेस झालं. बाईमानूस असलं का कागद नीट असतो. माही पेशी हाय पुढच्या मयन्यात. सांगाडा बनवून द्या. वर मास मी भरतो."

मला दोन मिनिटं काही सुधरेना. मग कळलं. यांना वाटत होतं, इथं सुनावणीत काय बोलायचं त्याचा कच्चा आराखडा करून मिळतो! मी समजावून सांगितलं की काका, ही कापसाच्या झाडातली पेशी. ते म्हणाले, "कापसाचीच तं भानगड हाय बाई. धुऱ्यावरचा कापूस कोन येचाचा, हेच तं भांडन."

हे किसनराव. पातूरकडच्या एका खेड्यातले. चुलतभावाशी यांचा धुऱ्यावरून वाद होता. धुरा म्हणजे दोन शेतांमधली हद्द. वाद होता चार तासांचा, आणि तास म्हणजे घड्याळातले नव्हेत, पेरणीच्या ओळी. चार ओळी कापूस आणि एक बोराटी, म्हणजे बोरीचं काटेरी झुडूप. त्यावरून तहसीलदार झाले, वरचे साहेब झाले आणि आता अपील अमरावतीच्या कचेरीत पोचलं होतं. वकील दोघांनीही सोडून दिले होते, कारण आपल्याइतकं कोणाला बोलता येत नाही असं दोघांचंही मत होतं.

चहा पिऊन किसनराव गेले आणि दुसऱ्याच दिवशी तसंच धोतर, तसाच दुपट्टा, तसंच बोचकं, फक्त मिशा जास्त, असे दुसरे गृहस्थ हजर. "काल तो किस्न्या येऊन गेला म्हणे. त्याले जो सांगाडा देल्ला, त्याच्यापेक्षा मजबूत मले पाह्यजे."

हे चुलतभाऊ उत्तमराव. त्यांनाही समजावलं, चहा पाजला. त्यांनी जाताना विचारलं, "त्याले चाहात साखर किती टाकली व्हती?"

तेव्हापासून दोघं अकोल्याला आले की माझ्याकडे डोकावत. पण कधी एकत्र नाही. एक चढताना दिसला की दुसरा हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यांचे भाव विचारत उभा. गावातही बोलणं बंद. बोलणं काय, दोन्ही घरच्या बायका एकमेकींच्या म्हशीकडेसुद्धा बघत नव्हत्या. फक्त पेशीच्या दिवशी गंमत व्हायची. अमरावतीला जाणारी सकाळची एसटी एकच सोयीची, त्यामुळे दोघं एकाच गाडीत, आणि का कोण जाणे, एकाच सीटवर. मूर्तिजापूर येईतो एक भाकर सोडायचा, दुसरा ठेचा काढायचा. अमरावतीला उतरले की एक डावीकडून, दुसरा उजवीकडून कचेरीत शिरायचे आणि साहेबापुढे एकमेकांचा उद्धार करायचे. परतीच्या गाडीत पुन्हा एक सीट. हे मला कंडक्टरनं सांगितलं, मी काही हेरगिरी केली नाही.

आता नीलिमाकडे येते. नीलिमा अमरावतीला एका कॉलेजात पीएच.डी. करत होती. कापसाचा तंतू लांब का होतो, हा तिचा विषय. सगळं काम झालं होतं, एकच प्रयोग उरला होता: सुटे धागे घ्यायचे, त्यात आमचं फिम्ब्रिन टाकायचं आणि जुड्या बांधल्या जाताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायच्या. त्याशिवाय प्रबंध पुरा होत नव्हता. पहिल्यांदा आम्ही डबा पाठवला तो कुरिअरवाल्यानं उन्हात ठेवला, जावई रुसला. दुसऱ्यांदा एका ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिला, त्यानं तो इमानदारीत इंजिनाजवळ ठेवला, 'सेफ' म्हणून. पोरगी फोनवर ढसाढसा रडली. "मावशी, माझी फेलोशिप या महिन्यात संपते. तो सूक्ष्मदर्शक पण परवापासून दुरुस्तीला कंपनीत जाणार. उद्या दुपारचा माझा शेवटचा नंबर आहे हो." मला असा राग आला, कुरिअरवर, ड्रायव्हरवर, मे महिन्यावर. म्हटलं, "रडू नको. उद्या मी स्वतः घेऊन येते. मांडीवर घेऊन येते. बघू कोण बिघडवतं ते."

फ्रीझरमध्ये फिम्ब्रिनच्या शेवटच्या नळ्या होत्या. कोरडा बर्फ नागपुराहून यायचा आणि निम्मा वाटेतच उडून जायचा. जो होता तो सगळा थर्मोकोलच्या डब्यात भरला. फार तर दुपारपर्यंत टिकला असता. हा बर्फ पाणी होत नाही, सरळ हवा होतो, म्हणून डबा घट्ट बंद करायचा नाही, भोक ठेवायचं. नाहीतर डबाच फुटतो. आणि सरांनी त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली: 'पेशी-सांगाडा. अत्यंत नाजूक. उन्हात ठेवू नये.' मी म्हटलं, "सर, हे नको." ते म्हणाले, "मराठी वाचून लोक काळजी घेतात."

सकाळच्या एसटीत चढले तर माझ्या मागच्याच सीटवर किसनराव आणि उत्तमराव! त्यांची त्या दिवशी पेशी होती. दोघांनी मला पाहून एकदम माना फिरवल्या, चोरून भेटणाऱ्या कॉलेजच्या पोरापोरीसारख्या. मी न पाहिल्यासारखं केलं. डबा मांडीवर घेऊन बसले.

बोरगाव गेलं तोवर भोकातून पांढरी वाफ यायला लागली. कंडक्टर वाकून बघतो. "बाई, डब्ब्यातून धूर निघून राह्यला."

"धूर नाही, बर्फाची वाफ आहे."

"बर्फ जळते का?"

मी काही बोलणार तोच मागून किसनरावांनी मदत केली. "काई भेव नोका. तिच्यात सांगाडा हाय."

पलीकडची म्हातारी पिशवी घेऊन उठली आणि ड्रायव्हरच्या मागे जाऊन बसली.

"पेशीचा हाय," उत्तमरावांनी खुलासा केला. आपणही मागे राहायचं नाही, हा त्यांचा स्वभाव.

झालं! सगळ्या गाडीला कळलं की ही बाई खुनाच्या केसमधला सांगाडा कोर्टात पेशीला घेऊन चालली आहे. एकजण हळूच विचारतो, "बाईचा का मानसाचा?"

"अहो, कापसाचा!" मी ओरडले.

अगदी शेवटच्या सीटवरचा एक माणूस ताडकन उभा. "कापशीचा? बाई, मी कापशीचाच हावो! आमच्या कापशीत कोन मेला?"

आता कापशी हे अकोल्याजवळचं गाव. त्या माणसानं लगेच फोन काढून घरी विचारलं, सगळे हाय ना बे? मी डोकं डब्यावर टेकवून बसले. थंड लागलं, तेवढंच सुख.

मूर्तिजापूर मागे पडलं आणि गाडीनं आचका दिला. ड्रायव्हर उतरला, बॉनेट उघडलं, आणि आता इंजिनातूनही वाफ. म्हातारी म्हणाली, "मढं घेऊन बसल्यावर काय होईन?" दुसरी गाडी केव्हा येईल म्हणून विचारलं तर कंडक्टर म्हणाला, "येते." आमच्याकडे 'येते' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

बाहेर ऊन असं की कावळासुद्धा दिसेना. बाभळीच्या सावलीत डबा ठेवला. किसनरावांनी आपला दुपट्टा कॅनमधल्या पाण्यात भिजवून त्यावर टाकला. उत्तमरावांनी तो काढून आपला टाकला. किसनरावांनी पुन्हा आपला. मी म्हटलं, "दोन्ही टाका आणि गप बसा!" आणि मग मला एकदम रडूच आलं. नीलिमाचा फोन येत होता आणि तो उचलायची माझी हिंमत होईना. तिला काय सांगू? या वेळी तर मी स्वतः होते. ना कुरिअर, ना ड्रायव्हर.

किसनराव घाबरले. "रडू नोका बाई. कोनाची पेशी हाय एवढी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पोरीचा शेवटचा नंबर, धागे, पेंढ्या बांधणारा गडी. दोघं ऐकत होते. उत्तमराव म्हणाले, "म्हंजे पोरीची पेशी हाय अन् गडी डब्ब्यात हाय." इतक्या वर्षांत माझ्या कामाचा एवढा नीट सारांश कोणी केला नव्हता, मिस्टरांनी तर नाहीच.

आणि दोघं धोतर सावरत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, हात पसरून. पहिला ट्रक शिव्या देऊन गेला. दुसरा नुसता शिव्या देऊन गेला नाही, थांबून देऊन गेला. तिसरा आला तो बँडपार्टीचा मेटाडोर. आत लाल कोट, सोनेरी झालरी घातलेली दहाबारा माणसं घामानं निथळत बसलेली, मधे ढोल. बँडमास्तर उस्मानभाई खाली उतरले. अमरावतीलाच लग्नाला चालले होते. त्यांनी डबा पाहिला, चिठ्ठी वाचली आणि दोन पावलं मागे सरकले.

"सांगाडा? नही बाई, माफ करजा. शादीची गाडी हाय. हड्ड्या घेऊन कसा जाऊ?"

"कापसाचा सांगाडा हाय रे भाऊ," किसनराव म्हणाले.

"कापसाले हड्ड्या कवापासून आल्या?"

माझं डोकं सटकलं. डबा छातीशी धरून मी ओरडले, "सांगाडा नाही हो, जावई आहे आत! जावई! गरम झाला की रुसतो, हलला की रुसतो, दोनदा रुसून बसलाय आणि तिकडं पोरगी रडून राहिली!"

उस्मानभाईंनी माझ्याकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही माया आली! "असं बोला ना. माहाबी एक हाय. गेल्या ईदेपासून बोलला नाही. बसा बसा. ए, ढोल तिकडं सरकव, जावईबापूले जागा दे."

मेटाडोरमध्ये डबा कोणी धरायचा यावरून पुन्हा पंचाईत. मी ढोलाच्या पलीकडे अडकलेली. शेवटी डबा दोघांच्या मांड्यांवर, अगदी मधोमध. बडनेऱ्यापर्यंत हेच ऐकत होते:

"डब्बा तुह्याकडं सरकून राह्यला."

"तूच सरकवून राह्यला. धुरा सरकवला तसाच."

"धुऱ्याचं नाव काढू नोको, पोरीची पेशी हाय."

बडनेरा गेलं तेव्हा मला घड्याळ दिसलं. म्हटलं, "काका, तुमची पण पेशी आहे ना? पुकारा होईल. कचेरी वाटेतच आहे, उतरून घ्या." किसनराव म्हणाले, "हौ, ह्याले उतरवा, मी डब्बा धरतो." उत्तमराव म्हणाले, "वा रे वा! तूच उतर. उद्या सांगशीन, डब्बा माह्याच बापाचा व्हता." कचेरीची कमान आली, मेटाडोर थांबला, दोघं एकमेकांकडे बघत बसले. एकाही गड्यानं डब्यावरचा हात काढला नाही. उस्मानभाई म्हणाले, "चलू का?" आणि कमान मागे गेली.

कॉलेजच्या दारात नीलिमा उभी होती, डोळे सुजलेले. मेटाडोर थांबला आणि उस्मानभाईंनी खूण केली. मी नको नको म्हणत होते, पण ते म्हणाले, "जावई दारात आला अन् बाजा नाही?" आणि दणकून बँड सुरू! खिडक्यांतून डोकी बाहेर आली, विभागप्रमुख धावत आले, आणि त्या सगळ्या गोंगाटातून दोन म्हातारे एकच डबा दोघांमध्ये धरून, पाऊल जुळवत, जिना चढत होते. नीलिमानं झाकण काढलं. तळाशी मूठभर बर्फ उरला होता. नळ्या दगडासारख्या घट्ट गोठलेल्या!

पुढचं सगळं अंधाऱ्या खोलीत झालं. पडद्यावर धागे दिसत होते, हिरवे, चमकणारे, वाऱ्यावर भुईभर सांडलेल्या कडब्यासारखे. नीलिमानं आमच्या जावयाचा एक थेंब सोडला. काहीच झालं नाही. थोडा वेळ गेला, तरी काही नाही. माझा जीव टांगणीला. मग एक धागा दुसऱ्याजवळ सरकला, चिकटला, तिसरा आला, आणि बघता बघता जाड जाड जुड्या व्हायला लागल्या.

"पेंढ्या बांधून राह्यला ना बे!" किसनराव ओरडले.

"म्या आधी पाह्यलं," उत्तमराव म्हणाले.

नीलिमा माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले, त्यात कसली लाज? नोकरीत एवढी वर्षं त्या नळ्या भरल्या, पण आत गेल्यावर त्या काय करतात ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते. नंतर तिनं कौतुकानं दोघांना कापसाच्या तंतूचा तुकडा दाखवला. "काका, ही बघा, ही एक पेशी."

"पेशी!" दोघं एकदम उठले. एकमेकांकडे पाहिलं. "अरे बापा, आपली पेशी!"

धावत कचेरीत गेलो. पुकारा केव्हाच होऊन गेला होता. अपील दोघांनीही केलेलं, हजर कोणीही नाही. शिपायानं सांगितलं, "दोघंही खारीज." इतक्या वर्षांचा वाद एका वाक्यात संपला. परतीच्या एसटीत दोघं एका सीटवर बसले, पण भाकर सोडली नाही. मला वाटलं, हे आता जन्मभर मला शिव्या देणार.

पुढे यथावकाश नीलिमाचा प्रबंध मंजूर झाला. आभारात गावंडे सर आहेत, उस्मानभाई आहेत, किसनराव आणि उत्तमराव अगदी बरोबर आहेत, आणि माझं नाव छापलं आहे 'सौ. शोधा'. याचं मला अजून वाईट वाटतं. मिस्टर मात्र त्यानंतर दोन महिने मला शोधाच म्हणत होते.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या पेशीनंतर पंधराएक दिवसांनी जिन्यात पावलं वाजली. बघते तो किसनराव आणि उत्तमराव, दोघं बरोबर. पहिल्यांदाच. दारात उभे, एकमेकांना कोपरानं ढोसत. शेवटी किसनराव म्हणाले, "बाई, पुढची पेशी कधी हाय?"

मी म्हटलं, "काका, तुमचं अपील खारीज झालं. पुन्हा लावायचं तर अर्ज करावा लागेल."

"अर्ज तो करन तं मी करीन," किसनराव म्हणाले.

"मीबी तसंच म्हनून राह्यलो," उत्तमराव म्हणाले. "पन आमची पेशी नाई म्हनत, बाई. तुमची. अमरावतीची. डब्बा न्यायची."

मला अजून उलगडा होईना. मग किसनराव दुपट्ट्याचं टोक चुरगाळत म्हणाले, "गावात बोलता येत नाई, बाई. दोन्ही घरचे पायत असते. लहानपनी एका ताटात जेवलो आमी. आता पेशी हाय म्हटलं का कोनी इचारत नाई, काहून एका गाडीत चालले. बिनपेशीचं कसं जाव?"

उत्तमराव खिडकीबाहेर बघत होते.

मी आत गेले. फ्रीझर उघडला. अमरावतीला पाठवायचं असं त्यात काहीही नव्हतं, नीलिमाचं काम तर संपलेलं. मी एक रिकामा डबा घेतला, झाकणाला भोक पाडलं, बाहेर आले. म्हटलं, "सोमवारी. सकाळच्या एसटीनं. येताना थोडा साधा बर्फ घेऊन याल, मी भरून देईन. मधोमध धरजा, हलवू नका, फार नाजूक असते."

"ते काय सांगता बाई," दोघं म्हणाले आणि जिना उतरले. बरोबर.

मग मी नीलिमाला फोन लावला. म्हटलं, "पोरी, सोमवारी डबा येतो आहे. आत काही नाही. पण दोघांसमोर नीट उघड, बघितल्यासारखं कर, चहा पाज. साखर दोघांना सारखी घाल. आणि पुढची तारीख दे."